वाढत्या मापाचं धनुष्य

कदीर मास्तरांनी मला फसवलं. एकदा नाही, सलग आठ महिने फसवलं. माझ्या बायकोला आणि पोरीला सामील करून घेऊन फसवलं. खामगावात जुन्या मोटारी आणि जिनिंगचे सुटे भाग विकण्यात माझी तीस वर्षं गेली. सुरुवात हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून केली. मोटार उघडायच्या आधी, नुसत्या वासावरून, तिचं वाइंडिंग किती वेळा जळलंय ते मी सांगतो. अशा माणसाला एका शिंप्यानं फसवलं, हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं नंतर.

मास्तरांच्या दुकानात तुम्ही कशासाठीही जा, ते आधी तुम्हाला दोन्ही हात आडवे पसरायला लावतात. पँटची चेन बदलायची असली तरी हात पसरा. टेप एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जातो आणि आकडा वहीत पडतो. मग दोन तळव्यांची खिडकी करून तिच्यातून समोरचा विजेचा खांब बघायचा. आधी हा डोळा मिटून, मग तो. ज्या डोळ्यानं खांब खिडकीत राहतो तो तुमचा खरा डोळा. तोही वहीत. मीटर बघायला येणाऱ्या माणसाचीसुद्धा नोंद आहे. तो हातानं उजवा आणि डोळ्यानं डावा निघाला. "म्हणूनच त्याचं रीडिंग चुकते," मास्तर मला म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते.

हा सगळा खटाटोप धनुष्यासाठी. मास्तर कापड शिवतात, पण त्यांचा जीव धनुष्यात. पूर्वी शाळेतल्या पोरांना बाण ठेवायचे भाते शिवून देत. मग बांबूच्या धनुष्याची दोरी वळू लागले. पुढे चाकांची कंपाऊंड धनुष्यं आली, तर त्यांच्या तारांवर दोरा गुंडाळायला शिंप्याचा हात लागतो, हे यांनीच सगळ्यांना पटवलं. आता बुलढाण्यापासून पोरं येतात. शिलाई मशीनच्या शेजारी वेल्डरकडून करून घेतलेला शिकंजा आहे, त्यात धनुष्य दाबून तार बदलतात. एखादं पोरगं भाव विचारायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "किमतीले नको इचारू, आंगाले इचार."

माझी ऋतुजा आठवीत असताना बांबूच्या धनुष्यावर बरी मारायला लागली. तिचे सर म्हणाले, आता कंपाऊंड घ्या. मी तिला मास्तरांकडे घेऊन गेलो. हात पसरून झाले, खांब बघून झाला. साडेएकसष्ट इंच. मास्तरांनी अडीचनं भागलं आणि सांगितलं, हिची ओढ, म्हणजे तार मागे यायचं अंतर, साडेचोवीस इंच, ओढायचं वजन पंचवीस-अठ्ठावीस पौंड, त्याच्यावर एक पौंड नाही.

मी म्हणालो, पोरगी वाढत्या अंगाची आहे. दोन वर्षांत हे तोकडं पडेल. अठ्ठावीस इंचाचं आणि पन्नास पौंडांचं घेऊ, लग्नापर्यंत बघायला नको.

आपल्याकडे लेकरांच्या वस्तू अशाच घेतात. शाळेचा ड्रेस दोन इंच मोठा, चपला एक नंबर मोठ्या. मी त्यांना त्यांच्याच हातची शिलाई दाखवली. ऋतुजाच्या स्कर्टला आत चार बोटं कापड दुमडून त्यांनीच ठेवलं होतं. मग कपड्याला एक न्याय आणि धनुष्याला दुसरा का?

"कपडा ढिला असला तं लोक हासतात, शेठ," ते म्हणाले. "खांदा ढिला झाला तं कोणी हासत नाही."

मला हे शिकवणं वाटलं. मी माल विकताना लोकांना शिकवतो, लोकांनी मला शिकवलेलं चालत नाही. मी दुकानाच्या पायरीवरून त्यांना बरंच काही बोललो. शिंप्यानं सुई सांभाळावी, असंही बोललो. ते टेप गुंडाळत ऐकत राहिले. ऋतुजा तेवढी खाली बघत होती.

पुढच्याच आठवड्यात मी दुसऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून धनुष्य उचललं. परदेशी, शिकारीचं, सगळ्या अंगावर झाडाची पानं छापलेली. त्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमीत सौदा पटवला. जिंकल्यासारखा घरी आलो आणि मुद्दाम मास्तरांच्या दुकानासमोर गाडी थांबवली.

त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. म्हणाले, माल खोटा नाही. पण शिकारी लोक जंगलात झाडावर बसून वाट बघतात, एक बाण मारतात आणि घरी जातात. म्हणून ते आखूड आहे, जोरकस आहे. "पोरीले तं दिवसातून शंभर बाण मारायचे आहेत, तेबी एकाच जागी. तिले लांब पाह्यजे, थंड पाह्यजे. आन् तुमाले याच्यानं रानडुक्कर मारायचं असंन, तं आधी वकील करून ठेवा."

दुकानात बसलेले दोघं हसले. मी धनुष्य उचललं आणि निघालो.

त्यानंतरचे तीन आठवडे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिले पाहिजेत. बोल्ट पार उकलले तरी ते चाळीस पौंडांच्या खाली उतरत नव्हतं. ऋतुजा ते आभाळाकडे तोंड करून, कंबर मोडून ओढायची. हात कानाच्याही मागे जायचा. मी मागे उभा राहून सांगायचो, सवय होईल, मीही सुरुवातीला मोटारी उचलल्याच की. ती हो म्हणायची. मग दप्तर तिच्या डाव्या खांद्यावर दिसू लागलं. वेणी आई घालू लागली. एकदा वरणाची वाटी तिनं डाव्या हातानं पुढे केली आणि मी तिला रागावलो. खांदा दुखतो असं ती एकदाही म्हणाली नाही. बापानं केवढा सौदा केला हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो ना, ते तिच्या कानावर जात होतं.

मग माझी बायको सुमन म्हणाली, धनुष्य सर्व्हिसिंगला टाकू. मोटारीला लागते तशी यालाही लागत असेल. मला पटलं. ती स्वतः मास्तरांकडे टाकून आली. मास्तरांनी निरोप पाठवला की तार खराब आहे, दोन आठवडे लागतील, तोपर्यंत पोरीनं हाताला आराम द्यावा.

दोन आठवड्यांनी धनुष्य परत आलं. पानांच्या छपाईचं कापड त्याच्यावर असं तंग शिवलेलं, की जोड शोधून सापडू नये. रंग उडत होता म्हणून कपडा चढवला, असं मास्तर म्हणाले. मला ते जरा लांब वाटलं. मी तसं बोललोही.

"नवी तार ताणली का लांबते ते," मास्तर म्हणाले.

आणि वासावरून मोटार ओळखणाऱ्या या माणसाने मान डोलावली.

त्या दिवसापासून ऋतुजा सरळ उभी राहून मारू लागली. हात हनुवटीखाली येऊन थांबायचा, चाकं फिरली की ओझं हलकं व्हायचं, आणि ती श्वास धरून निशाणाकडे बघत राहायची. महिन्याभरात वेणी स्वतः घालू लागली. मला काय कळायचं ते कळलं: पोरगी मापात आली. मी मास्तरांच्या दुकानात जाऊन त्यांना चार लोकांत ऐकवलं. बघा, वाढत्या मापाचं घेतलं, अंगाला बसलं की नाही? पुढे तर सवयच झाली. आठवड्यातून एकदा तरी मी पायरीवर उभा राहायचो आणि विचारायचो, काय मास्तर, कोणाचं खरं निघालं?

"तुमचंच, शेठ," ते म्हणायचे आणि सुईत दोरा ओवायचे. आठ महिने. एकदाही त्यांच्या ओठाचा कोपरा हलला नाही.

बुलढाण्याला जिल्ह्याच्या निवडीसाठी गेलो. तिथे मारण्याआधी प्रत्येकाचं धनुष्य तपासतात. एक पंच हुकाचा वजनकाटा तारेला अडकवून ओढत होता आणि मोठ्यानं वजन सांगत होता. ऋतुजाचं धनुष्य ओढलं आणि म्हणाला, अठ्ठावीस.

मी म्हणालो, तुमचा काटा बिघडलाय.

त्याने पुन्हा ओढलं. अठ्ठावीस. मी मैदानाच्या कडेच्या दोरीखालून आत गेलो. मी सांगितलं की माझा जन्म वजनकाट्यांत गेला, धनुष्य पन्नासचं आहे, फार तर चाळीसवर उतरतं, मी स्वतः घेतलंय, आणि लोकांची मुलं खेळतात तिथे असला काटा ठेवायला लाज वाटली पाहिजे. पंच शांत होता. त्याने दुसरा काटा मागवला. दुसराही अठ्ठावीस. सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. मी दुसरा काटाही मोडीत काढणार, इतक्यात ऋतुजानं माझी बाही ओढली.

"बाबा, काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "धनुष्यच दुसरं आहे. मास्तरचाचांनी पहिल्याच महिन्यात बदललं. तुमाले वाईट वाटंल म्हणून सांगतलं नाही."

मी दोरीबाहेर येऊन बसलो. दोरीला टेकून उभ्या असलेल्या सुमनने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघितलं. ऋतुजाचं नाव त्या दिवशी निवड यादीत शेवटून दुसरं लागलं. पण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या दुकानात भांडायला गेलो. रस्त्यात वाक्यं जुळवून ठेवली होती. माझा माल तुम्ही परस्पर कसा बदलला, तो गेला कुठे, आणि आठ महिने मला माकडासारखं का नाचवलं. त्यांनी मला बघितलं आणि त्यांना समजलं. मशीनमागच्या खुंटीवरून मलमलीच्या पिशवीतलं माझं शिकारीचं धनुष्य काढून त्यांनी समोर ठेवलं. तेल दिलेलं, पुसलेलं. पिशवीवर माझ्या नावाची चिठ्ठी टाचलेली. अमानत आहे, कधीही न्या, म्हणाले.

मग दुसरं कोणाचं, असं मी विचारलं. आवाज चढवूनच विचारलं.

ते टेप गुंडाळू लागले. मग म्हणाले, "नसरीनचं."

नसरीन त्यांची मुलगी. लग्न होऊन चिखलीला असते, एवढंच मला माहीत होतं. ती तेरा वर्षांची असताना बांबूच्या धनुष्यावर शाळेत पहिली यायची. मास्तरांनी तिच्यासाठी कंपाऊंड आणलं. शिंपी माणूस, लेकीच्या सगळ्या फ्रॉकला आत कापड सोडणारा. धनुष्यही वाढत्या मापाचंच घेतलं. पोरीनं वर्षभर ओढलं, बापाला सांगितलं नाही. खांदा गेला तो गेलाच. मग मास्तर मापं शिकले, डोळा तपासायला शिकले, आणि तिच्या मापाचं दुसरं आणलं. साडेचोवीस इंच, अठ्ठावीस पौंड.

"एकबी बाण नाही मारला तिनं त्याच्यातून," मास्तर म्हणाले. "हात वरच जाये ना. आताबी लेकराले डाव्या हातानंच उचलते. तिनं मले कदी बोल नाही लावला, शेठ. लावला असता तं बरं झालं असतं. तुमी पायरीवरून बोलले ना त्या दिवशी, मले वाटलं, मीच बोलून राह्यलो."

जुळवलेली वाक्यं सोडून मी किंमत विचारली, कारण मला दुसरं काही विचारता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि मशीनवर बसले. एका गिऱ्हाईकाच्या सदऱ्याची कॉलर उलटायची राहिली होती.

आता माझी तक्रार. एका खांद्याचा गुन्हा या माणसाने स्वतःवर लिहून घेतला आहे आणि त्याची शिक्षा तो रोज दुकान उघडून भोगतो. ते त्याचं तो जाणे. पण माझ्या घरात एक पोरगी रोज सकाळी दोन्ही हात डोक्यामागे नेऊन स्वतःची वेणी घालते, आणि मी चहाचा कप हातात धरून ते बघत बसतो. हे कोणी केलं, म्हणून विचारलं तर मास्तर म्हणतात, पोरीचं नशीब. मी हे ऐकून घेणार नाही. ज्याने तो खांदा मोडल्याचं कबूल केलं, त्याने हा खांदा वाचवल्याचंही कबूल करावं. माझ्या गाडीतून चिखलीला चलावं आणि नसरीनच्या समोर, आपल्या तोंडानं, तिचं धनुष्य कोणाला दिलं आणि का दिलं ते सांगावं. मला जबाब पाहिजे.