निळीच्या अकरा वड्या

गुरुवारी सकाळी आयव्ही पेंगेली गाळलेली चहापत्ती झाडांना घालायला मागच्या अंगणात आली आणि कुंपणापलीकडे नजर जाताच जागच्या जागी थबकली. शेजारच्या थेल्मा रोच्या दोरीवर तिच्या नवऱ्याचे क्रिकेटचे कपडे वाळत होते. नवरा म्हणजे जॅक रो, पोर्ट हॅनमच्या संघाचा कप्तान. एक सदरा, एक लोकरी पँट. दोन्ही निळे. निळसर नव्हे, पलीकडे दिसणारा समुद्र त्यांच्यापुढे फिका वाटावा, इतके निळे.

"थेल्मा, हे काय गं?"

"तेच तुम्हाला विचारणार होते, पेंगेलीबाई," तोंडातला चिमटा काढत थेल्मा म्हणाली. "पांढरं व्हायला साधारण किती वेळ लागतो?"

"कशानं पांढरं व्हायला?"

"अहो, तुम्हीच नाही का लिहिलंत कालच्या पेपरात? शेवटच्या पाण्यात निळीच्या अकरा वड्या. मी मोजून टाकल्या. एक जास्त झालीसं वाटलं म्हणून पुन्हा काढून मोजल्या."

"अकरा?"

"जॅक म्हणाला, जरा जास्त वाटतात. मी म्हटलं, संघात माणसं अकरा, वड्या अकरा. बाईंनी विचार करूनच लिहिलं असणार."

आयव्हीच्या हातातली चहापत्ती तिच्याच चपलांवर सांडली.

ही सत्तावन्न सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. तेव्हा पोर्ट हॅनममध्ये धुणं ही खासगी बाब नव्हती. सगळी अंगणं एकमेकांना दिसत, आणि कुणाच्या चादरीला कुठे ठिगळ आहे हे पाद्र्यापासून खाटकापर्यंत सर्वांना ठाऊक असे. आयव्ही पेंगेली गावच्या साप्ताहिकात 'घरचं शहाणपण' नावाचं सदर लिहायची. एकोणीस वर्षं लिहीत होती. काचा ओल्या वर्तमानपत्रानं पुसा. लोकरीचे स्वेटर धुताना पाण्यात चमचाभर निलगिरीचं तेल घाला. गालिचा झाडण्याआधी त्यावर ओलसर चहापत्ती पसरा, धूळ उडणार नाही. पितळेला लिंबू आणि मीठ. बायका हे कात्रण कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवत. लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मुलीला आई ती कात्रणं वहीत डकवून देई. उत्तरेचा वारा सुटला आणि घरभर लाल धूळ बसली, की गावातल्या प्रत्येक घरात ओल्या चहापत्तीचा तोच वास येई. आज तो वास कुणाला सांगूनही कळायचा नाही.

त्या उन्हाळ्यात पावसाच्या पाण्याच्या टाक्या तळाला गेल्या होत्या. बायका विंधनविहिरीच्या पाण्यात कपडे धूत होत्या, आणि त्या पाण्यातल्या लोहामुळे सगळं पांढरं पिवळं पडत चाललं होतं. शनिवारी यंदारा गावाशी अंतिम सामना होता. म्हणून आयव्हीनं मुद्दाम निळीचा उपाय लिहिला होता. फडक्यात बांधलेली एक वडी, शेवटच्या पाण्यात, क्षणभर फिरवायची. एक!

ती तशीच सायकलवर बसली आणि छापखान्याकडे निघाली. वाटेत तिनं अंगणं मोजली. अकरांपैकी नऊ खेळाडूंच्या दोऱ्यांवर आभाळ उतरलं होतं. उरलेले दोघे अविवाहित होते. त्यांनी कपडे धुतलेच नव्हते.

"बिडल!" छापखान्याचं दार ढकलत ती कडाडली. "माझ्या एका वडीच्या अकरा कुणी केल्या?"

गॉर्डन बिडल हा साप्ताहिकाचा संपादक, मुद्रक, आणि बुधवारी अंक वाटणाराही तोच. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, खिळ्याला टोचलेल्या कागदांतून एक कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. अक्षर आयव्हीचंच होतं. लिहिताना पेनातली शाई संपली होती, पहिला एकचा आकडा फिकट उमटला होता. शाई भरून तिनं त्याच्याच शेजारी दुसरा एक ठसठशीत काढला होता. तो फिकट आकडाही अगदीच काही फिकट नव्हता.

आयव्ही खुर्चीत बसली.

"बिडल, एकोणीस वर्षांत..."

"एकदाही चुकला नाहीत. ठाऊक आहे मला." बिडलनं कागद परत घेतला. "बाई, एक करू. छापखान्याची चूक म्हणून मी पुढच्या अंकात छापून टाकतो. लोकांना मला शिव्या द्यायची सवय आहे. मागच्या महिन्यात मी पाद्रीबुवांच्या 'प्रवचना'चं 'पचन' केलं होतं, तेही लोक विसरले."

"तसं कसं चालेल?"

"चालेल. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात. माझ्यावर ठेवतच नाहीत, त्यामुळे जायचंच काही नाही."

आयव्हीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या कानावर तिचाच आवाज आला, "बरं. पण तूर्तास."

निळीवर उतारा व्हिनेगरचा. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून कपडे भिजवले की नीळ सुटते, हे आयव्हीला पक्कं ठाऊक होतं. घरोघरी निरोप गेले. दुपारपर्यंत दुकानातली व्हिनेगरची शेवटची बाटली संपली, आणि पाच घरांचे कपडे अजून निळेच होते. मग एका बाईला आठवलं, की आपल्या फळीवर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कांद्यांच्या बरण्या आहेत. तशा त्या सगळ्यांच्याच फळ्यांवर होत्या. नाताळपासून जपलेले कांदे ताटांत उपसले गेले आणि बरण्यांतलं तपकिरी व्हिनेगर धुण्याच्या टबांत गेलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नीळ बरीचशी उतरली. उरला तो एक रंग, ज्याला नाव नव्हतं. पावसाळी ढग चहात बुडवला तर होईल तसा. आणि वास मात्र नाव घेण्याजोगा होता.

"कांदा," सदरा नाकाशी धरून जॅक रो म्हणाला. "नुसता कांदा नाही. लवंगसुद्धा आहे."

"खेळायचंय ना तुला? का खायचाय तो?" थेल्मा म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

आयव्हीनं रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. आल्फ पेंगेली अंतिम सामन्याचा पंच होता. त्याला दोन्ही गावं मानत, कारण त्यानं एकदा सख्ख्या भावाला पायचीत दिलं होतं आणि भाऊ पुढची सहा वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. आल्फनं सगळं ऐकून घेतलं, बटाटा संपवला आणि म्हणाला, "सांगून टाक लोकांना."

"सामना होऊ दे. मग सांगते."

"सामन्याआधी सांगितलंस तर तुला रागावतील. नंतर सांगितलंस तर लबाड म्हणतील."

"आल्फ, तू पंच मैदानावर. इथे नाहीस."

शनिवारी उत्तरेचा वारा होता आणि माश्या होत्या. यंदाराचा कप्तान ऑटो लिंके नाणेफेकीला आला, जॅकच्या जवळ पोचला, आणि दोन पावलं मागे सरला.

"आल्फ," तो म्हणाला, "कपडे पांढरे असावेत असा नियम आहे. हे पांढरे आहेत का?"

मैदानाच्या कडेला बसलेल्या बायका पुढे झुकल्या. आयव्हीनं मांडीवरचा रुमाल इतका पिळला, की त्यात पाणी असतं तर निघालं असतं. आल्फनं जॅकभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाऱ्याच्या दिशेनं एकदा, वाऱ्याच्या विरुद्ध एकदा.

"नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे आम्ही जिंकलो?"

"थांब. तूही नीट उभा राहा, लिंके." आल्फनं लिंकेच्या सदऱ्याची बाही उन्हात धरली. यंदारातही विंधनविहिरीचंच पाणी होतं. "हे पिवळे आहेत. नियमाप्रमाणे तुम्हीही बाद. दोघंही सामना हरलात."

मग लिंके आधी हसला, मग जॅक हसला, आणि पंच हसत नाही हे पाहून दोघंही घाईघाईनं म्हणाले, की आमची काही तक्रार नाही.

सामना झाला, आणि असा झाला की म्हातारी माणसं अजून सांगतात. पोर्ट हॅनमचं क्षेत्ररक्षण माश्यांनी जागजागी दाखवून दिलं. जिथे माश्यांचा थवा, तिथे खेळाडू. यष्टिरक्षकाच्या वासानं यंदाराचे दोन फलंदाज डोळे पुसतच त्रिफळाचीत झाले. संध्याकाळी शेवटचा चेंडू उरला तेव्हा पोर्ट हॅनमला जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि समोर खुद्द जॅक होता. त्यानं चेंडू मिड-विकेटकडे झक्क टोलवला. पहिली धाव सहज झाली. दुसरीला तो वळला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की जॅक धावत नाहीये, तो बदकासारखा तुरुतुरु चाललाय. त्याची पँट दोन्ही पायांना घट्ट धरून बसली होती.

"थेल्मा," आयव्ही कुजबुजली, "मी कोमट पाणी सांगितलं होतं."

"मला वाटलं, कोमटानं जातं तर उकळत्यानं लवकर जाईल."

उकळत्या पाण्यात लोकर आटते. यष्ट्या उडाल्या तेव्हा जॅक रेषेपासून वीतभर लांब होता. आल्फनं बोट वर केलं. पोर्ट हॅनम एका धावेनं हरलं.

सामन्यानंतर सभागृहात दोन्ही संघांचा चहा होता. स्पंज केक होते, सँडविच होते, आणि ताटंच्या ताटं भरून मुरवलेले कांदे होते, कारण ते आता कुठेतरी संपवणं भागच होतं. कोपऱ्यात हातात लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकचा तुकडा, घेऊन गॉर्डन बिडल एकटाच उभा होता. त्याच्या आजूबाजूला चार हातांपर्यंत कुणी नव्हतं.

"डोळे असून छापतो की मिटून?" कुणीतरी त्याला ऐकू जाईल असं म्हणालं.

"पस्तीस वर्षांनी अंतिम सामना आला होता, आणि या बाबानं घालवला."

"पेंगेलीबाईंना काय वाटत असेल, बिचाऱ्या!"

बिडल लॅमिंग्टनकडे पाहत राहिला. त्यानं मान वर करून आयव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. नेमकं तेच तिला सोसवलं नाही. तिनं कप खाली ठेवला आणि उभी राहिली. एकोणीस वर्षं तिनं या बायकांना डाग कसे काढायचे ते सांगितलं होतं.

"ऐका जरा," ती म्हणाली. "बिडलची काही चूक नाही. अकराचा आकडा माझाच. मीच तसा लिहिला होता. मी जे लिहिलं तेच त्यानं छापलं, आणि माझी अब्रू राखायला दोष स्वतःवर घेतला. आणि मी घेऊ दिला. याची मला जास्त लाज वाटते."

मग थेल्मा हुंदका देऊन म्हणाली, "किती मोठं मन!"

"मोठं मन कसलं?" आयव्ही गोंधळली.

"बसा, बाई," आखडून उभा असलेला जॅक म्हणाला. बसणं त्याला शक्यच नव्हतं. "दुसऱ्याचं पाप असं अंगावर घेऊ नये. तुम्ही आणि अकरा वड्या? आम्ही काय लहान आहोत?"

"अरे, माझ्या हातचा कागद आहे! बिडल, दाखव यांना कागद."

बिडलचा चेहरा पडला. "तो... मी गुरुवारीच चुलीत घातला, बाई. म्हटलं, कुणाच्या हाती लागायला नको."

"ऐकलंत?" चारी बाजूंनी गलका झाला. "पुरावाच जाळला पठ्ठ्यानं!"

"ती खरं बोलतेय," आल्फ उठून म्हणाला. "शुक्रवारी रात्री तिनं मला सगळं सांगितलं. मी साक्षीला आहे."

ज्याच्या एका बोटावर भरल्या मैदानातली माणसं मुकाट्यानं चालती होत, त्या आल्फ पेंगेलीचा शब्द त्या संध्याकाळी प्रथमच कुणी मानला नाही. उलट टाळ्या पडल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोची बाजू घेतली!" लिंके ओरडला. यंदाराच्या बायकांनी आयव्हीभोवती कोंडाळं केलं आणि तिचं सदर आपल्याकडेही येईल का, असं विचारलं. पाद्रीबुवांनी रविवारचं प्रवचन परोपकारावर दिलं आणि नाव न घेता नाव घेतलं.

पुढची तीन वर्षं पोर्ट हॅनममध्ये बिडलला कुणी चहाला बोलावलं नाही. आयव्हीकडे मात्र दर रविवारी त्याचं पान मांडलेलं असे. भाजलेलं मटण, पुदिन्याची चटणी, वर साखरपाकातले पीच. ती स्वतः त्याला वाढायची, नको म्हटलं तरी दुसऱ्यांदा वाढायची, आणि निघताना त्याच्या हातात केकचा डबा द्यायची. तो डबा घेऊन बिडल रस्त्यानं जाऊ लागला, की कुंपणापाशी उभ्या बायका एकमेकींना म्हणत, "बघ, याला म्हणतात क्षमा."