राबियाच्या आधीच्या तिघी

दस्तगीर नदाफांची अख्खी हयात गाद्या भरण्यात गेली, पण पहिली नात झाली आणि ते एकदम विद्वान झाले. शुक्रवारी मशिदीबाहेरच्या फुटपाथवरून त्यांनी मुलामुलींच्या नावांचं अर्थासकट पुस्तक आणलं आणि सदर बाजारातल्या ज्याला त्याला, कुणी न विचारताच, त्याच्या नावाचा अर्थ सांगायला सुरुवात केली.

"जुबेदा म्हंजे लोण्याचा गोळा," त्यांनी बायकोला सांगितलं. ती लाजली. त्या यशानं चेकाळून त्यांनी पेठ वडगावहून आलेल्या विहीणबाईंना गाठलं. "शमशाद म्हंजे उंच, सडपातळ झाड."

शमशादबी उंचीनं बेताच्या आणि घेरानं ऐसपैस. त्यांना तो टोमणाच वाटला आणि त्यांनी जेवण सोडलं. "आणि एक शब्द बोलला तर लेक-नात घिऊन सरळ वडगावला जाईन," त्यांनी बजावलं.

सातव्या दिवशी जावळ आणि नाव. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या, म्हणजे दस्तगीरचाचांची लेक खैरून, सकाळच्या एसटीनं जयसिंगपूरहून आली आणि येताना दुपट्यावर रेशमानं नाव भरूनच आली. राबिया.

चाचांनी हळूच पुस्तक उघडलं आणि नाव शोधलं. राबिया म्हणजे चौथी.

त्यांनी पेन्सिलीनं खूण करून, पान दुमडून शेजारच्या पिराजीला दाखवलं. पिराजी नवसाचा, त्याचं नावच पिराच्या नावावरून ठेवलेलं, त्यामुळं घरातलाच.

"पैलीच पोरगी, आन् नाव चौथी? विहीणबाई म्हणतील, माझ्या लेकीला अजून तीन पोरी हुद्यात म्हणून बसलाय," चाचा कुजबुजले.

"खैरूनला सांगा की बदलाय."

"ती उलट्या पावली जयसिंगपूर गाठंल. तू आधी हे पुस्तक लपीव."

पिराजीनं घरभर बघितलं आणि कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा त्याला सापडली. पाळण्यातल्या गादीखाली.

पाच मिनिटांत पोरीनं भोकाड पसरलं. शमशादबींनी तिला उचललं, गादी चाचपली आणि पुस्तक बाहेर काढलं. खुणेचं पान आपोआप उघडलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "राबिया. चौथी." पिराजी चपला शोधायला लागला.

"म्हंजे काय समजायचं आमी?" शमशादबींनी विचारलं.

चाचा पाळण्यातली गादी सारखी करायला लागले. बोलली ती खैरून. "चौथीच हाय की. मौलानांना इचारूनच ठिवलंय. ह्या घरात पैली अम्मा, दुसरी मी, तिसरी भाभी, चौथी ही. मोजता येत न्हाय व्हय कुणाला?"

शमशादबींनी एकदा विहिणीकडं, एकदा खैरूनकडं आणि मग बाजेवरच्या आपल्या लेकीकडं, तबस्सुमकडं पाहिलं. लेकीला सासरी कुणी मोजत असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि रुसल्यापासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून जेवायला मागितलं.

"मी हेच सांगणार हुतो," चाचा म्हणाले. त्यांच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

बिर्याणीचं ताट पुढ्यात ओढत शमशादबींनी जाहीर केलं, "बरं, पाचवीचं नाव मी ठिवणार."

तबस्सुमनं पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि भिंतीकडं तोंड केलं.