उजव्या रांगेचं औषधपाणी

गच्चीवर स्ट्रॉबेरीच्या कुंड्यांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांपैकी एकीने आजारी पडायचं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं सुनेने. ती पिकांच्या रोगांवर संशोधन करायची. प्रयोगशाळेचं काचघर दुरुस्तीला निघालं म्हणून प्रयोग घरी आला, आणि तिला नेमकं आठवडाभर बाहेरगावी जावं लागलं म्हणून तो सासऱ्यांच्या हाती पडला. सासरे निवृत्त कंपाउंडर. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं, म्हणून ते सुनेवर बेहद्द खूश होते.

निघण्याआधी तिने दोन्ही रांगांवर करडी बुरशी सोडली आणि सगळं समजावलं. डाव्या रांगेवर रोज निळ्या टोपणाच्या बाटलीतलं औषध फवारायचं, उजवीवर पांढऱ्या टोपणाच्या बाटलीतलं साधं पाणी. हे औषध बुरशीला मारत नाही. पानात घुसायला तिला जे जनुक लागतं, तेवढं गप्प करतं. मग बुरशी पानावर येऊन बसते खरी, पण आपण कशाला आलो होतो, ते तिला सुचत नाही.

"स्वयंपाकघरात माझं होतं तसं," नवरा म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सून परतली की दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुख बाई पाहणीला येणार होत्या. डावी रांग हिरवी आणि उजवी सडकी दिसली, तर संशोधन पुढे चालू. नाहीतर सगळं गुंडाळायचं.

आठवड्याने सून गच्चीवर गेली. दोन्ही रांगा टवटवीत. सासरे शेजारी उभे होते, कौतुकाच्या तयारीत.

"बाबा, उजवीकडची पण?"

"एकाच वॉर्डात अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना पाणी? माझ्याच्याने नाही झालं."

"पण ती आजारी पडायला हवी होती."

"तू तसं म्हणालीस खरी. मला वाटलं, घाईत बोलण्यात काहीतरी चुकलं असेल."

सून तिथेच पालथ्या बादलीवर बसली. सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी उजव्या रांगेकडे असं पाहिलं, जणू सांगत होते, की अजूनही वेळ गेलेली नाही, कोणीतरी जरा शिंका. नवऱ्याने मात्र हालचाल केली. तो रोपवाटिकेत जाऊन आजारी स्ट्रॉबेरी मागू लागला. माळी भडकला, आपल्याकडे असला माल नसतो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, मागच्या बाजूला या, म्हणाला. नवऱ्याने आणलेल्या कुंड्या सुनेने आल्या पावली परत पाठवल्या. जे झालं ते ती सरळ सांगणार होती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी दोन्ही रांगा पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या.

"यात फरक कुठे आहे?"

"फरक माझ्या सासऱ्यांनी केला नाही," सून म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

बाईंनी सासऱ्यांना विचारलं, की एका रांगेचं औषध दोन रांगांना पुरलं कसं. त्यांनी खाली बघत कबूल केलं, की त्यात निम्मं पाणी घातलं. दवाखान्यात गर्दी वाढली की तसंच करायचे. बाई एकदम ताठ झाल्या. हे औषध इतकं महाग पडायचं, की बनवायचं जिवावर यायचं, आणि इथे ते निम्म्याने भागलं होतं. पण बुरशीच मुळात मेलेली असेल तर? ती जिवंत होती, याला पुरावा काय?

आता सासऱ्यांचा आवाज आणखी खाली गेला. याच रोपांतल्या उरलेल्या दोन कुंड्या सुनेने त्यांना भेट दिल्या होत्या. त्या त्यांच्या खोलीच्या खिडकीत होत्या आणि ती खिडकी गच्चीवरच उघडायची, म्हणजे वाऱ्याने बुरशी तिथवर पोचणारच. त्या रोपांना औषधाचा थेंबही दिला नव्हता, कारण दवाखान्याचं औषध त्यांनी घरच्यांसाठी कधीच वापरलं नव्हतं.

सगळे खिडकीशी गेले. दोन्ही रोपांवर करड्या बुरशीची लव दाटली होती. पानं गळून पडली होती.

"काय सुंदर सडलंय," बाई हरखून म्हणाल्या. हा पक्का पुरावा नव्हे, प्रयोग पुन्हा आणि नीट करावा लागेल, पण करायचा नक्की, आणि या वेळी पातळ औषधाची वेगळी रांग लावायची, एवढं सांगून त्या गेल्या.

सुनेचे डोळे भरून आले. तिने सासऱ्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, तुमची रोपं गेली म्हणून माझं काम वाचलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

सासऱ्यांनी दुसऱ्या हाताने कुंडीतलं एक गळलेलं पान उचललं.

"उभा जन्म दवाखान्यात गेला," ते म्हणाले, "पण पेशंट दगावल्यावर इतक्या प्रेमाने आभार मानणारी नातेवाईक तू पहिलीच."