दत्तुभावांचं जोडीचं औषध

चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा माझ्या अक्षराला हसू नका. हसायचं तर आमच्या दत्तुभावांना हसा. हा माणूस कुठलंच औषध एकटं घेत नाही. मलमावर मोहरीचं तेल, खोकल्याच्या गोळीबरोबर सुंठ. “येकल्याचं काय चालत नाय वयनी, जोडी हवी!”

दत्तुभाव संगमेश्वरकडचे सुतार. इथे कुवेतात, अर्दियाच्या वर्कशॉपात उकिडवे बसून बसून गुडघे गेलेले. मी घरी मेस चालवते, तिथे चारजणांबरोबर जेवायला येतात.

त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, गावी हाडांचा कॅन्सर झाला. दुखण्यानं झोप नाही. दत्तुभावांनी मोबाईलवर एका डॉक्टराचं ऐकलं, गांजाच्या झाडात दोन निरनिराळी द्रव्यं असतात, ती मापात एकत्र दिली तर काहीजणांचं दुखणं हलकं होतं. “बघा, डाक्टरपण जोडीच सांगतो!” पण कुवेतात त्या झाडाचं नाव घ्यायचीही भीती. म्हणून ते ‘तुळशीची सावत्र बहीण’ म्हणायचे, तेही दबक्या आवाजात. माझे मिस्टर ओरडायचे, “दत्तुभाव, कुकरची शिट्टी होऊ द्या, मग बोला!”

गावच्या वैद्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून तसलं तेल लिहून दिलं; तिकडे ते चिठ्ठीवर मिळतं. सुमनताई कितीतरी दिवसांनी रात्रभर झोपल्या. दत्तुभावांनी सगळ्या मेसला शिरा खायला घातला.

पुढे मिस्टर रजेवर गावी गेले; आमचं गावही संगमेश्वरकडचंच. परत येणाऱ्याच्या बॅगेत अर्धं गाव आपापलं पार्सल कोंबतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी सुमनताईंचा व्हिडिओ कॉल आला. दत्तुभाव जेवत होते.

“कोकमं दिलीत भावजींकडे. त्यातच माझ्या तेलातलं अर्धं घातलंय. तुमच्या गुडघ्याला.”

दत्तुभावांच्या हातातला घास ताटात पडला. विमानतळावर बाटली सापडली असती तर माझा नवरा सरळ तुरुंगात. मी दुसऱ्या फोनवरून मिस्टरांना गाठलं. त्यांनी कोकमांतून बाटली काढली, तशीच सुमनताईंच्या हातात नेऊन दिली.

त्या व्हिडिओवरच रडायला लागल्या. “मग तुमच्या गुडघ्याचं काय?”

“अगो, गुडघे केव्हाच बरे झाले! हे बघ!” फोन माझ्या हातात देऊन दत्तुभाव उठाबशा काढू लागले. एक, दोन, तीन. तोंडभर हसत. सुमनताईही डोळे पुसून हसल्या. चौथ्या वेळी ते खालीच राहिले. “हितंच बसतो जरा. लादी गार लागते,” म्हणाले, आणि फोन बंद करायची मला खूण केली.

मग चौघांनी धरून त्यांना उठवलं.