ओळंब्यात न बसलेलं दार

राग नीट कसा मांडावा, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात दर आठवड्याला रागावत होतो आणि लोक हसत होते. त्यामुळे माहितीपट काढणाऱ्या बाईंचा फोन आला, साहेबांच्या प्रभावाबद्दल तुमची मुलाखत हवी म्हणाल्या, तेव्हा मी वहिनींना छातीठोकपणे सांगून टाकलं, "या वेळी दादाचं नाव पडद्यावर येणार. नाही आलं तर मिशी उतरवीन!"

मला मिशी नाही. वहिनींच्या ते लक्षात आलं असावं.

साहेब म्हणजे ते थोर दिग्दर्शक. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटात शेवटी म्हातारा बाप खुर्चीत एकटा बसलेला असतो आणि त्याच्यामागचं दार, कुणी हात न लावता, हळूहळू मिटतं. या दारावर लोकांनी प्रबंध लिहिलेत. पुढच्या तीन पिढ्यांच्या दिग्दर्शकांनी आपापल्या चित्रपटांत दारं मिटवून घेतली. एकाने तर फ्रीजचं.

ते दार बसवलं होतं माझ्या थोरल्या भावाने. दादा सेटवरचा सुतार. चौकट सरळ आहे की नाही हे बघायला ओळंबा सोडणं त्याला अपमानाचं वाटे. "मला नजर आहे," म्हणायचा. नजर होतीच, फक्त किंचित डावीकडे कललेली. त्यामुळे दादाने बसवलेलं प्रत्येक दार आपोआप मिटायचं. ऐन शॉटमध्ये तेही मिटलं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला गाढव म्हटलं आणि त्याच दिवशी घरी पाठवलं. नटाला पुन्हा वेळ नव्हता, म्हणून शॉट तसाच राहिला. चित्रपट गाजल्यावर साहेब मुलाखतींतून 'नियतीचं दार' म्हणू लागले. दादा त्या मुलाखती वाचायचा, कागद घडी करून ठेवायचा आणि रंधा मारत बसायचा. तो गेला तेव्हा त्याची हत्यारं वहिनींकडे राहिली. राग माझ्याकडे आला.

मुलाखतीच्या दिवशी बाई तीन माणसं घेऊन आल्या आणि अर्ध्या तासात त्यांनी आमची बैठकीची खोली ओळखू येणार नाही अशी करून टाकली. वहिनी आणि आमची ही स्वयंपाकघरात कान लावून बसल्या. मी घसा साफ केला, साहेबांबद्दल दोन सभ्य वाक्यं बोललो आणि मुद्द्यावर आलो. "ते दार बसवलं माझ्या..."

किर्रर्र.

आमच्या बैठकीचं दारही दादानेच बसवलेलं आहे.

आवाज टिपणाऱ्या गृहस्थाने हात वर केला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा "माझ्या" म्हणायला आणि दार करकरत मिटायला एकच गाठ पडली. असं सात वेळा झालं. मधल्या वाक्यांना ते सुखाने उघडं राहायचं, दादाचा विषय आला की मिटायला निघालंच! शेवटी मी उठून दाराला असं काही बोललो की स्वयंपाकघरात भांडं पडलं. मग त्या गृहस्थाने माझ्याच लेखांचं एक पुस्तक दाराखाली सरकवून पाहिलं.

"फार पातळ आहे," तो म्हणाला.

समीक्षकही तेच म्हणाले होते. आठव्या वेळी दार गप्प राहिलं, पण तोवर माझा आवाज बसला होता. मग बाई म्हणाल्या, काका, आता नुसती मान हलवा, मध्ये जोडायला लागते. मी हलवली. मग म्हणाल्या, एक मिनिट कुणी बोलू नका, खोलीची शांतता टिपायची आहे. त्या मिनिटात मी दाराकडे बघत दातओठ खात बसलो.

दुसऱ्या दिवशी मी सुतार बोलावला. त्याने ओळंबा सोडला, बिजागऱ्या काढल्या, कड तासली, तेल घातलं. तासाभरात दार शहाण्यासारखं वागू लागलं. "कुणी बसवलं होतं हे?" त्याने हसत विचारलं. मी त्याच्यावरही ओरडलो.

माहितीपटाच्या पहिल्या खेळाला वहिनी बाहेर जायची पर्स आणि दूरचा चष्मा घेऊन पहिल्या रांगेत. पडद्यावर एकामागून एक पाच दिग्दर्शक आले आणि त्या दाराने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगून गेले. पाचवा म्हणाला, अशी अचूक योजना फक्त साहेबच करू जाणोत. आणि लगेच पडद्यावर मी! मान हलवतोय. मनापासून. नंतर पुन्हा मी, एक अख्खं मिनिट, मुठी आवळून, डोळ्यांत पाणी. खाली अक्षरं उमटली: 'आठवणींनी शब्द हरपले.'

मी जे पुटपुटलो ते छापण्याजोगं नाही. हिने चिमटा काढला. दादाचं नाव कुठेच नव्हतं.

शेवटी आमच्याच बैठकीचा एक रिकामा कोपरा दिसला आणि तिथलं दार हळूच मिटलं. बाईंचा आवाज म्हणाला, हा साहेबांना माझा नमस्कार. मी सात वेळा भांडत होतो तेव्हा त्यांनी ते टिपून घेतलं होतं.

वहिनी उभ्या राहिल्या. सभागृहात, पर्स छातीशी धरून.

"हे साहेबांचं नाही. हे ह्यांचं दार आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते पहिलंही ह्यांचंच."

पस्तीस वर्षांत मला जे लिहून जमलं नाही ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. दिवे लागल्यावर बाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शेवट बदलू. सोमवारी येते. तुम्ही दाराशेजारी बसून हे सांगा, मागे दार मिटू दे, त्यावर त्यांचं नाव येईल.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, मिशी वाचली हो तुमची."

मी घरी जाऊन सुताराला फोन केला. दार होतं तसं वाकडं करून दे म्हटलं. मी धंदा सुधारायचा करतो, असं सांगून त्याने फोन ठेवला. मी स्वतः बिजागरीशी खटपट केली, तर दार मिटायच्या ऐवजी उघडायला लागलं.

सोमवारी वहिनी खुर्चीत ताठ बसल्या. मी पाय दुखतात म्हणून आतल्या खोलीत पडलो आहे, असं सर्वांना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात मी दारामागे उकिडवा, हातात हिच्या शिवणाचा काळा दोरा. वहिनींनी न अडखळता सगळं सांगितलं, शेवटी दादाचं नाव घेतलं, मी दोरा ओढला आणि दार इतकं सुरेख मिटलं की साहेब असते तर स्वतःचंच म्हणाले असते.

पलीकडून त्या गृहस्थाचा आवाज आला. "किर्र आलं नाही. परत."

दुसऱ्या वेळी ते मी तोंडाने काढलं.

माहितीपट आता बक्षिसं घेत फिरतो आहे. दादाचं नाव पडद्यावर अख्खे सहा सेकंद दिसतं, वहिनी घड्याळ लावून मोजतात. परवा एका परीक्षकाने लिहिलं, त्या दाराच्या करकरण्यात एका कारागिराचं अवघं दुःख साठलं आहे.

दुःख कसलं डोंबलाचं! राग आहे तो. पण तक्रार कुणाकडे करणार? दोरा अजून माझ्याच खिशात आहे, आणि वहिनी दर रविवारी दार मिटताना बघायला येतात.