एकेचाळीस दातांची गाडी

बाळ सात महिन्यांचं होतं आणि फक्त गाडीत झोपायचं. तेही कसंही नाही. संध्याकाळी सातला, गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, साठच्या वेगानं. पूल गेला की डोळे जड व्हायचे, पेट्रोलपंपाशी मान कलायची आणि अकराव्या मिनिटाला उजव्या पायातला मोजा आपोआप गळून पडायचा. मोजा पडला की आईनं समजायचं, काम झालं. मग खुर्चीसकट उचलून घरात आणायचं. पुढचे दोन तास आईचे. त्या दोन तासांत ती काही विशेष करायची नाही. नुसती झोपायची. सात महिन्यांत तिला तेवढंच काय ते मिळत होतं आणि तेवढ्यावर तिचं डोकं ठिकाणावर होतं.

गाडी बाबांची. लग्नाआधीची, लांब नाकाची, मागच्या चाकांवर चालणारी. बाबा तिला ‘परफॉर्मन्स कार’ म्हणत. घरातले बाकीचे तिला ‘ती गाडी’ म्हणत.

बाबा विमा कंपनीत होते. लोकांनी भरलेल्या अर्जांत कोण खोटं बोललंय ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. ‘धूम्रपान : कधीच नाही’ असं लिहिणाऱ्याला ते अक्षराच्या वळणावरून ओळखत, असं ते स्वतःच सांगत.

तर या बाबांना एका रविवारी साक्षात्कार झाला की गाडी मंद आहे. साक्षात्कार मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये झाला. तिथं कुठे कुठे बसून उंटावरून शेळ्या हाकणारे चार जण होते. त्यांनी एकमतानं सांगितलं की दोष इंजिनात नाही, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे.

“मागं दोन चक्रं असतात,” बाबांनी जेवताना दोन वाट्या पुढे ओढल्या. “एक लहान, एक मोठं. आपल्या लहान चक्राला बारा दात, मोठ्याला सदतीस. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा साधारण तीनदा फिरला की चाक एकदा फिरतं. त्याऐवजी नऊ आणि एकेचाळीस दातांची जोडी बसवली की साडेचारदा. म्हणजे जोर किती वाढला?”

“आवाज किती वाढला?” आईनं विचारलं.

“आवाजाचा काय संबंध?”

“दांडा दीडपट फिरणार, तर इंजिन गप्प बसेल का?”

“तू उगाच काळजी करतेस.”

उगाच काळजी करणं हा आईचा पूर्णवेळ व्यवसाय होता, हे खरं. पण सात महिन्यांत तिची एकही काळजी फुकट गेली नव्हती. बाबांच्या नोंदवहीत मात्र हे कुठे नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाबा मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री फक्त मागचे अ‍ॅक्सल करत, शनिवारी एकच आणि तोही वेळ मागून. त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकानं कार्ड भरून दिल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. कार्डावर सात प्रश्न होते. गाडी कुठे चालते, बहुतेक वेळ किती वेगानं, टायर केवढे, गिअर किती, माणसं किती, कामं काय. आणि सातवा प्रश्न : वरची उत्तरं खरी आहेत का?

बाबांनी ऐटीत कार्ड भरलं. कुठे चालते : मोकळा रस्ता. वेग : शंभरच्या पुढे. माणसं : एक. कामं : परफॉर्मन्स. सातव्या प्रश्नापुढे त्यांनी ‘हो’ लिहून खाली सही केली. सही कुणी मागितली नव्हती.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सारून गाडीत डोकावून पाहिलं. “साहेब, मागं ही बाळाची खुर्ची?”

“ती काढता येते.”

“तो खुळखुळा?”

“तोही काढता येतो.”

“बरं.” मिस्त्रींनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “एक सांगू? जोर पाहिजे असेल तर चौथा टाकू नका. तिसऱ्यात चालवा. जवळपास तेवढाच फरक पडेल आणि मला हातही काळे करायला नकोत.”

बाबांना हा सल्ला अपमानकारक वाटला. ज्या सल्ल्यासाठी काहीच सुटं करावं लागत नाही, तो त्यांना सल्ला वाटतच नसे.

“तुमची मर्जी,” मिस्त्री म्हणाले. “लिहिलंय त्याप्रमाणे बसवतो. आणि एक, वेगाचा काटा गिअरबॉक्सकडून चालतो. त्याचं छोटं चाक मागवतो, पण तोवर काटा जास्तच दाखवेल.”

‘जास्त’ हा शब्द ऐकून बाबा खूश झाले आणि पुढचं मागचं विसरले.

जुनी जोडी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि शोकेसमध्ये ठेवली. मिस्त्रींचं कार्ड आणि त्यांचा तिसऱ्या गिअरचा सल्ला, दोन्ही त्यांनी आईला हसत हसत सांगितले. आईनं मोठं चक्र उचलून बेडरूमच्या दाराला अटकाव म्हणून लावलं. दार आपटून बाळ उठायचं, ते बंद झालं. या सगळ्या प्रकरणात झालेली ही एकमेव सुधारणा.

त्या संध्याकाळी सगळे फिरायला निघाले. आईच्या सासूबाई मागं बाळाशेजारी होत्या. पहिल्याच सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि गाडी अशी उसळली, की दुधाची बाटली मागच्या काचेवर आपटली आणि सासूबाईंचा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला.

“बघितलंस?” बाबा म्हणाले.

“ऐकलंसुद्धा,” आई म्हणाली.

वळणरस्त्यावर चौथा गिअर पडला. पूर्वी या जागी गाडी मांजरासारखी गुरगुरायची. आता घरात कुणी पिठाची गिरणी चालू करून चावी घेऊन निघून जावं, तसं झालं. पूल आला, बाळाचे डोळे जड व्हायच्याऐवजी वाटोळे झाले. पेट्रोलपंप आला, बाळानं गळा काढला. अकराव्या मिनिटाला दोन्ही मोजे पायात होते आणि पाय हवेत.

“अरे, आपण चाललोय की थांबलोय?” सासूबाईंनी ओरडून विचारलं. “आवाज तर विमानाचा आहे, म्हणून विचारते.”

प्रश्न रास्त होता. काटा साठावर होता, कारण साठच्या वर जायचं नाही हा आईचा जुना नियम. पण मागून पाण्याचा टँकर हॉर्न मारत पुढे गेला. मग शाळेची बस गेली, मागच्या खिडकीतून मुलांनी हात केले. मग एका स्कूटरवरून एक गृहस्थ पाठीला गादी बांधून गेले. जाताना त्यांनी वळून गाडीच्या लांब नाकाकडे पाहिलं आणि त्यांना बहुधा वाईट वाटलं.

“लोकांना झालंय काय?” बाबा चिडले. “गादी घेऊन कुणी शंभरनं जातं का?”

आईनं घड्याळात पाहिलं. पुलापासून पंपापर्यंत चार मिनिटं, हे तिला पाठ होतं. बाळाच्या झोपेचं वेळापत्रकच त्यावर होतं. आज सहा लागली होती.

“आपण चाळीसनं चाललोय,” ती म्हणाली.

“काटा साठ दाखवतोय.”

“काट्याला तू कार्ड भरून दिलं असशील.”

बाबांनी मग काटा नव्वदला नेला, तेव्हा कुठे बाकीच्या वाहनांशी बरोबरी झाली. पण तेव्हा गाडीत कुणाचंच कुणाला ऐकू येईना. बाळ रडतंय हे त्याच्या उघड्या तोंडावरून कळत होतं.

दोन तास गेले. नुसते त्या दिवशीचे नव्हे, रोजचे. तिसऱ्या दिवशी आईनं चहात मीठ घातलं. पाचव्या दिवशी दाराची बेल वाजली म्हणून तिनं फोन उचलला. सहाव्या दिवशी तिनं शांतपणे सांगितलं, “जुने दात परत बसवायचे. नाहीतर रोज संध्याकाळी तू त्याला कडेवर घेऊन वळणरस्त्यानं चालत जायचं. साठनं.”

बाबांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींकडची वेळ तिसऱ्या शनिवारची मिळाली.

मधल्या काळात करायचं काय? रोज सातला त्याच गाडीतून, त्याच आवाजात चक्कर मारणं चालूच राहिलं, कारण दुसरा उपाय कुणाकडे नव्हता. बाबा हळूहळू मऊ झाले. ग्रुपमधल्या चौघांनी आता सांगितलं होतं, की घरात बाळ असेल तर हे करायलाच नको होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांना ते आपलेच दात अन् आपलेच ओठ असं झालं.

तिसऱ्या शनिवारी सगळे मिस्त्रींकडे निघाले. दाराचा अटकाव आईच्या मांडीवर होता. वाटेत ती बोलत होती आणि बाबा ऐकत होते. म्हणजे ऐकू काही येत नव्हतं, पण मान हलवत होते. पुलाशी ती काळज्यांच्या यादीत आवाजावर होती, पंपाशी काट्यावर. मग सवयीनं तिनं मागं वळून पाहिलं.

बाळाची मान कलली होती. तोंड किंचित उघडं. आणि आईच्या डोळ्यांदेखत उजवा मोजा घसरला, अंगठ्यावर जरा अडला आणि पडला.

आई पुढे वळली. तसे चार-पाच दिवस ते जरा पेंगत होतंच, तिनं त्याला थकवा म्हटलं होतं. आजही थकवाच असणार. तीन आठवडे भांडून जिंकलेली बाजू एका मोज्यापायी सोडायची म्हणजे काय?

तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

मिस्त्रींनी जुनं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं. “माणसं : एक?” तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा टायरचा आकार पाहू लागले.

“आता तुम्ही भरा, ताई,” मिस्त्रींनी कोरं कार्ड दिलं. “पण खरं लिहा.”

तिनं लिहिलं. कुठे चालते : पूल ते पंप आणि परत. वेग : साठ, खरे. माणसं : चार, पैकी एक झोपलेलं पाहिजे. कामं : तेच. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं. बाहेर गाडीत सासूबाईंच्या शेजारी बाळ अजून गाढ झोपलं होतं.

तिनं ‘हो’ लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी गाडी तयार झाली. सातला सगळे वळणरस्त्यावर आले. चौथा गिअर, साठ, मांजराची गुरगुर. शाळेची बस मागं राहिली. बाबांनी हळूच नाक ओढलं, तेवढंसुद्धा ऐकू आलं. पूल आला. बाळ खिडकीबाहेर पाहत होतं. पंप आला. बाळ आईकडे पाहत होतं, हरवलेल्या वस्तूची तक्रार नोंदवायला आल्यासारखं. मग ओठ थरथरले.

“आता काय झालं याला?” बाबा घाबरले. “सगळं होतं तसं केलंय की.”

रडणं सुरू झालं. सासूबाईंनी खुळखुळा हलवला, तो त्यांच्याच हातातून खाली पडला. आई समोर रस्त्याकडे बघत राहिली. दोन तास एका बाजूला होते, तीन आठवड्यांचा विजय दुसऱ्या बाजूला.

“अरे,” ती शेवटी म्हणाली, जणू हवेबद्दल बोलावं तशी, “जरा तिसरा टाकून बघ.”

“तिसरा? साठला? कशाला?”

“टाक ना. मिस्त्री म्हणाले होते म्हणे.”

बाबांनी तिसरा टाकला. गिरणी चालू झाली. रडणं अर्ध्यात थांबलं. पुढच्या वळणावर मोजा पडला.

बाबांनी आरशातून मागं पाहिलं, मग बायकोकडे. विमा कंपनीत बारा वर्षं काढलेल्या माणसाची ती नजर होती.

“तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“समोर बघून चालव,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.