ज्येष्ठतेनुसार फवारा

संचालकसाहेब, हवा नासवलीत तुम्ही आणि दुरुस्त करायला निघालात आमची नाकं. हेतू उदात्तच होता म्हणा. माणसाला नाक एकच असतं, आणि ते कुठं घासायचं हे कार्यालय ठरवतं.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षातल्या एसीची जाळी बसवल्यापासून कुणी धुतली नव्हती. तिच्यातून हवा कमी आणि बुरशी जास्त यायची. खाली बसून फोनवर तक्रारी घेणारी बाई, जिला सगळे नळबाई म्हणत, दिवसभर शिंकायची. कंत्राट महिन्याच्या महिन्याला वाढणारं. आवाज हीच तिची भाकरी. जाळी धुवा, अशी विनंती तिनं केली. पण जाळी देखभाल खात्याची आणि शिंक आरोग्य खात्याची. म्हणून नाकात मारायचा फवारा मंजूर झाला. (कक्षाला एक बाटली. नाकं कितीही.)

बाटली दोरीनं खिडकीच्या गजाला बांधली. क्रम ज्येष्ठतेनं: आधी कक्षाचे साहेब, मग हेडक्लार्क, शेवटी कंत्राटी. त्यामुळे साहेबांची सर्दी तळापर्यंत पोचली. वरून निघालेलं काही वेळेवर खाली पोचल्याचा हा पहिलाच प्रसंग. वापराच्या सूचना बाटलीवर होत्या. नेमकी त्यांच्यावरच मालमत्ता क्रमांकाची चिठ्ठी डकवली होती.

फवारा मारला की नळबाईचं नाक मोकळं, जरा वेळानं दुप्पट चोंदलेलं. मग पुन्हा फवारा. तोंडानं श्वास घेऊन घेऊन घसा सुकला, आवाज बसला.

औषधांच्या दुकानात काम करणारी भाची उखडली. "आत्या, अगं हा दोन-तीन दिवसांपुरता असतो! पुढं हाच नाक बंद करतो. आणि सगळ्यांच्या नाकातली नळी तू आपल्या नाकात घालतेस? उद्या दात घासायचा ब्रशही वाटून घ्याल!"

"हळू बोल," नळबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "साहेबांना सुचेल."

भाचीनं तिला डॉक्टरकडं नेलं, आणि तिनं फवारा सोडला. हेडक्लार्क म्हणाला, "काय हो बाई, साहेबांच्या बाटलीला नाक मुरडता?"

"डॉक्टर नको म्हणालेत. आवाज येईल आठवड्यात."

"डॉक्टरांनी कार्यालयामार्फत कळवायला हवं होतं."

आठवडा मिळाला नाही. 'फोनवर कुणीतरी नुसतं घरघरतं' अशी एका नागरिकाची तक्रार आली. वर्षभरात त्याच दिवशी निकाली निघालेली ती एकमेव तक्रार. नळबाईचं कंत्राट वाढलं नाही. जाळी तशीच आहे.

तो नागरिक म्हणजे तुम्ही. हो, संचालकसाहेब नव्हे, हे वाचणारे तुम्हीच. नळाला पाणी नव्हतं, मान्य. पण पलीकडं एक बाई घरघरत असताना, "ताई, बरं नाही का?" एवढं विचारायला तुमच्या घशाला काय झालं होतं? उत्तर द्या.